वामनरावांचं जवाचं पाणी

वामनराव कोणतीही वस्तू हातात आली की आधी नाकाला लावायचे. खडू, मुलांच्या वह्या, बाजारातून आणलेली मेथी, टांगेवाल्यानं परत दिलेली चिल्लर, सगळं. शाळेत नवे हेडमास्तर आले, त्यांनी पहिल्याच दिवशी कसला तरी हुकूम वामनरावांच्या हातात दिला. वामनरावांनी तो वाचायच्या आधी हुंगला. हेडमास्तर हैदराबादेकडचे, फार अदबीचे गृहस्थ. त्यांचा चेहरा पडला. हा माणूस भर स्टाफपुढं आपली टवाळी करतोय असंच त्यांना वाटलं. मी मध्ये पडून म्हणालो, "हुजूर, सायन्सचे मास्तर आहेत, आदत आहे त्यांची." वामनराव मान वर करून म्हणाले, "शाई कच्चीय साहेब. पावसाळ्यात उडून जाईल."

आमचं औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. शाळेत सगळं शिक्षण उर्दूत चालायचं. मी मराठी शिकवायचो, म्हणजे व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत आठवड्यातून काही तास. वामनराव सायन्स शिकवायचे. सोयगावचा माणूस, वडिलांचं तिथं धान्याचं दुकान. उर्दू त्यांनी इथं येऊन कमावली होती आणि ती ते सोयगावच्या हेलात बोलायचे. वर्गात पोरं हसायची, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. आम्ही औरंगपुऱ्यात एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून राहत होतो. त्यांच्या घरात तिघं: ते, त्यांची बायको गोदावहिनी आणि वहिनींचा धाकटा भाऊ सदाशिव. आई गेली तेव्हा सदाशिव रांगत होता. वहिनींनी त्याला उचलून घरी आणला तो कायमचाच. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. गल्लीतल्या नव्या बायका सदाशिवला त्यांचा मुलगाच समजायच्या, आणि वहिनी ती समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडायच्या नाहीत.

"बघू तरी काय होतंय," हे वामनरावांचं पालुपद. मुलानं विचारलं, सर, गंधक आणि लोखंडाचा कीस एकत्र तापवला तर? "बघू तरी." वहिनींनी म्हटलं, कढीत गूळ जास्त पडला. "बघू तरी." या बघू-तरीपायीच त्यांना जवाच्या दारूचा नाद लागला.

दारू म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. त्याचं असं झालं. छावणीतल्या गोऱ्या पलटणीत एक बँड वाजवणारा होता. त्याच्या पोराची शिकवणी वामनरावांकडं होती. बदली होऊन जाताना त्यानं बिअरची एक बाटली दिली. वामनरावांनी ती प्यायली थोडी, हुंगली फार. दुसऱ्या दिवशी शाळेत मला म्हणाले, "कुलकर्णी, यात जव हाय. भाजलेला जव आन् कायतरी कडू पाला. हे आपल्याला जमंल." त्यांना प्यायची हौस नव्हती. एक पेला घेतला की डोळे जड व्हायचे आणि ते भिंतीला टेकून झोपायचे. त्यांना करायची हौस होती.

सोयगावाहून जवाचं पोतं आलं. जव भिजवून ओल्या गोणपाटावर पसरायचे, मोड आले की उन्हात वाळवायचे, मग चणे-फुटाणे भाजणाऱ्याच्या भट्टीवर नेऊन भाजायचे. भरडून कोमट पाण्यात मुरवायचे, गाळून ते पाणी उकळायचं. परदेशी कडू पाला कुठून आणणार? त्यांनी काडेचिराईत घातलं. विरजण म्हणून शिंदीच्या मडक्यातला तळचा गाळ. आमच्या घरात भिंतीपलीकडून कधी भाकरी भाजल्याचा, कधी ओल्या मातीचा, कधी आंबल्याचा वास यायचा. माझी बायको म्हणायची, शेजाऱ्यांना एकदा कळू तरी द्या, स्वयंपाक चाललाय की औषध चाललंय.

पहिला पेला मला मिळाला. तोंड इतकं कडू झालं की मी जेवलो नाही. वामनराव माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. म्हणाले, "चिराईत जास्त झालं, व्हय ना?" आणि लगेच पेला माझ्या हातातून काढून घेऊन हुंगायला लागले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी ते गोळीच्या सोडा-बाटल्यांत भरून माळ्यावर ठेवलं. आंबणं पुरतं झालं नव्हतं. शिमग्याच्या सुमाराला ऐन दुपारी माळ्यावर बार उडायला लागले, एकापाठोपाठ एक. गल्लीतले लोक दारं लावून बसले. सदाशिव डोक्यावर परात धरून माळ्यावर चढला आणि त्यानं उरलेल्या बाटल्या एकेक करून अंगणात आणून उघडल्या. खाली उतरला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीतून रक्त येत होतं आणि तो हसत होता. "अक्का, दाजींनी तोफखाना काढला बघ," म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हळद आणली, त्याच्या कानाला दाबून धरली आणि वामनरावांना म्हणाल्या, "ह्याच्या अंगाशी येईल असं काय बी करू नका. तुम्ही काय करायचं ते करा." वामनरावांनी मान हलवली. ती मान त्यांनी मनापासूनच हलवली होती, हे मी आजही सांगेन.

सदाशिव मोठा गोड पोरगा. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, कुणाचीही नक्कल हुबेहूब करायचा. शाळा त्यानं मध्येच सोडली होती आणि छापखान्यात खिळे जुळवायचा. मनात होतं रेल्वेत लागायचं. मनमाडला त्याच्या ओळखीचा एक गार्ड होता, तो म्हणाला होता, ये, चिकटवून देतो. संध्याकाळी घरी येताना तो स्टेशनावरून फिरून यायचा. गाडीची शिट्टी, घंटा आणि फलाटावरच्या चहावाल्याची हाळी असं सगळं तोंडानं करत गल्लीत शिरायचा. त्यावरून वहिनी तव्यावर भाकरी टाकायच्या.

तीन-चार हिवाळे गेले आणि ते पाणी खरोखर चांगलं व्हायला लागलं. सोनेरी, वर पांढरा फेस, कडवटपणा जिभेच्या शेवटाला. हिवाळेच म्हणायचे, कारण उन्हाळ्यात ते नासायचं. बातमी फुटायची ती फुटलीच. एका शुक्रवारी सकाळी आबकारीचा दारोगा दोन शिपाई घेऊन दारात उभा. घरात दारू गाळायला बंदी, तुरुंगाचं काम. वहिनींनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. वामनरावांना कळलंच नाही की धाड पडलीय. कुणीतरी बघायला आलंय म्हणून ते हरखले. त्यांनी दारोग्याला मोड आलेले जव दाखवले, भाजलेले दाखवले, कढई दाखवली, विरजणाचं मडकं दाखवलं.

दारोगा म्हणाला, "मास्तरसाब, आप पढे-लिखे आदमी. ये क्या पका रहे जी?"

"आंबवतोय साहेब, पकवत नाय. गाळलेली दारू नव्हं ही. बसा तरी."

दारोगा बसला. शिपाई उभे राहिले. त्यानं एक घोट घेतला, मग पेला संपवला, मिशा पुसल्या आणि पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "जुर्म तो है. मगर ऐसा साफ जुर्म मैंने नहीं देखा. परवाना क्यों नहीं लेते?"

त्या दिवसापासून वामनराव परवान्याच्या मागं लागले. घरातल्या कढईत रमलेला माणूस एकदम मोठं बोलायला लागला. छावणीत बाटल्या मुंबईहून येतात, महाग येतात, रस्त्यात फुटतात. आपण इथंच केली तर? हैदराबादेला अर्ज गेला, परत आला, पुन्हा गेला. सरकारी कागदात त्याला 'आब-ए-जौ' म्हणायचे. हा शब्द वामनरावांना फार आवडला. आब म्हणजे पाणी, जौ म्हणजे जव. "बघा कुलकर्णी, सरकार बी पाणीच म्हणतंय."

अडचण एकच निघाली. सरकारी शाळेतल्या मास्तरला परवाना मिळणार नव्हता. मग तो सदाशिवच्या नावावर काढायचं ठरलं. म्हणजे वामनरावांनी ठरवलं. सदाशिवला मनमाडचा गार्ड बोलावत होता. मी त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर होतो.

वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाच्या नावावर दारूचा धंदा नको. त्याला जाऊ द्या मनमाडला."

"एकच हंगाम, गोदा. एवढा हिवाळा. बस्तान बसलं की दुसरं माणूस ठेवू. मी दिवसा शाळेत असणार, विश्वासाचं कोण हाय दुसरं?"

"विश्वासाचं हाय म्हणूनच म्हणते."

वामनराव सदाशिवकडं वळले. "तू बोल. नाय म्हणलास तर मी कागद फाडतो."

सदाशिव दोघांकडं बघत राहिला. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, कारण वामनरावांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि ते बोलताना वामनरावांचा चेहरा एखाद्या मुलासारखा झाला होता. तो म्हणाला, "एक हंगाम काय दाजी, गाडी कुठं पळून चालली?" आणि तोंडानं शिट्टी वाजवली. वहिनी उठून आत गेल्या.

उस्मानपुऱ्याच्या बाजूला तेव्हा बागा आणि शेतंच होती. तिथं एक जुनं पडकं घर होतं, एका मुसलमान जहागिरदाराचं. वरचं छप्पर गेलेलं, पण खालचं तळघर शाबूत. पूर्वीचे लोक उन्हाळ्यात दुपारी तिथं बसायचे. रुंद पायऱ्या, जाड भिंती, जमिनीच्या पातळीला चार झरोके. बाहेर ऊन रणरणलं तरी आत गारवा. वामनराव आत शिरले, भिंतीला नाक लावलं, आणि म्हणाले, "हीच जागा."

तांब्याचा मोठा हंडा आणि नळ्या इब्राहिमभाईंनी केल्या. सराफ्यामागं त्यांचं तांबटाचं दुकान. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, दारूच्या थेंबाला न शिवणारा. त्यांनी हे काम घेतलं म्हणून त्यांच्या थोरल्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. इब्राहिमभाई म्हणायचे, "मैं बरतन बनाता हूं. मास्तर हमारे बच्चे को मुफ्त में पढाए, उनको ना कैसे बोलूं?" लाकडाची मोठी पिंपं मुंबईहून आली. परवान्याच्या अटीत होतं की जागेला येण्याजाण्याचं दार एकच असावं, आणि झरोक्यांना लोखंडी जाळी हवी, म्हणजे माल बाहेर काढता येऊ नये. जाळी करून घ्यायला वेळ लागणार होता. थंडी सुरू झाली होती. वामनरावांनी झरोके विटांनी बुजवून घेतले. गारवाही टिकेल, म्हणाले. जाळी पुढच्या वर्षी.

दारोग्यानं येऊन पाहिलं, दाराला कुलूप-मोहर करायची रीत समजावली आणि परवाना दिला. त्या दिवशी वामनराव शाळेत पेढे घेऊन आले. हेडमास्तरांनी पेढा घेतला, खाल्ला नाही.

घरात एका मडक्यात आंबत होतं, तेव्हा आंबण्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. माळ्यावर खिडकी होती, अंगण होतं, दार दिवसभर उघडं. तळघरात सहा पिंपं एका वेळी आंबायला लागली. जव आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो, पाण्यासारखा साठत जातो. त्याला जायला वाट हवी. हे वामनरावांना ठाऊक होतं. दर वर्षी ते पोरांना हेच शिकवायचे. बरणीत तो वायू भरून आत पेटती मेणबत्ती सोडायचे, ती विझायची, आणि पुढच्या बाकावरची पोरं तोंडात बोटं घालायची.

एक दिवस आम्ही दोघं मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे होतो. इब्राहिमभाईंचा कारागीर टांग्यातून उतरला आणि फाटकातूनच ओरडला, "मास्तरसाब, चलो. सदाशिव उठता नहीं."

 टांग्यात मी म्हणालो, चक्कर आली असेल. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. त्यांना तिथं पोहोचायच्या आधीच सगळं कळलं होतं.

सकाळी सदाशिव नेहमीप्रमाणं पिंपांवरचा फेस बघायला खाली गेला होता. दुपारी इब्राहिमभाई गळकी तोटी बदलायला आले. हाका मारल्या, उत्तर नाही. कंदील घेऊन उतरायला लागले, तर अर्ध्यावर कंदील विझला आणि त्यांचं डोकं गरगरलं. ते भिंत धरून, रांगत वर आले होते. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बसून ओकत होते.

वामनराव थेट दाराकडं धावले. इब्राहिमभाईंनी त्यांना कमरेला मिठी मारून खाली पाडलं. "मत जाओ! मर जाओगे!" वामनराव लाथा झाडत होते, त्यांच्या दंडाला चावले. मग एकदम शांत झाले आणि म्हणाले, "झरोके. झरोके फोडा."

पहार एकच होती. वामनरावांनी ती कुणाच्या हातात दिली नाही. नवा चुना होता, चांगला घट्ट बसला होता. त्यांनीच उभं राहून बसवून घेतला होता. ते मारत होते आणि प्रत्येक घावाला तोंडातून आवाज निघत होता, रडण्याचा नव्हे, दम लागलेल्या जनावरासारखा. बोटांची सालटी निघाली. एक झरोका फुटला, दुसरा फुटला, मग उरलेले दोन्ही. मग आम्ही दारापाशी कांबळी धरून हवा घातली, कितीतरी वेळ. शेवटी तोंडाला ओलं फडकं बांधून कारागीर आणि वामनराव कमरेला दोर लावून उतरले.

सदाशिव तळाशी नव्हता. तो पायऱ्यांवर सापडला, खालून दोन-तीन पायऱ्या वर. त्याला काहीतरी कळलं होतं, आणि तो वर यायला निघाला होता. एक हात वरच्या पायरीवर होता. चेहरा शांत होता असं लोक मागाहून म्हणत राहिले. मी तो चेहरा पाहिला. शांत नव्हता.

वहिनींना सांगायला मी जातो म्हटलं. वामनराव म्हणाले, "नाय. मीच." मी त्यांच्या दारापर्यंत सोबत गेलो आणि बाहेर थांबलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. आतून रडणं येईल म्हणून मी मन घट्ट करून उभा होतो. रडणं आलं नाही. वहिनींचा साधा आवाज आला.

"तुम्ही कुठं होता?"

"शाळेत."

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, चौकशीला वामनराव स्वतः गेले. मी बरोबर होतो. अमीन समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, "हादसा है मास्तरसाब. अल्लाह की मर्जी."

वामनराव म्हणाले, "नाय साहेब. हादसा म्हणजे माहीत नसतं ते. मला माहीत होतं. मी पोरांना शिकवतो. आमच्या सोयगावात जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं तरी लगेच माणूस उतरवत नाहीत, दुसऱ्या दिवशी उतरवतात, हे मी पोरवयात बघितलंय. जाळी बसवायची होती, मी विटा लावल्या. लिहा तसं."

"इससे क्या फायदा?"

"फायदा कशाला? खरं हाय ते लिहा."

अमीनानं लिहिलं की नाही, मला माहीत नाही. शिक्षा काही झाली नाही. वामनराव कितीतरी दिवस वाट बघत होते, कुणी बोलवायला येतंय का. दार वाजलं की उठून सदरा घालायचे.

पिंपांतलं पाणी तसंच होतं. ते सरकारी मोजमापात आलेलं असल्यामुळं दारोग्यासमोरच ओतून द्यावं लागणार होतं. छावणीतल्या कँटीनचा ठेकेदार येऊन गेला होता. म्हणाला, ओतता कशाला, मी घेतो. वामनरावांनी दार उघडून धरलं आणि तो निघून गेला.

ओतायच्या दिवशी दारोगा आला. नियम म्हणून त्यानं प्रत्येक पिंपातलं थोडं पेल्यात घेऊन पाहिलं. शेवटच्या पिंपापाशी तो थांबला, पेला उजेडाकडं धरला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा हळू म्हणाला, "ऐसी तो पहले कभी नहीं बनी." त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. वामनराव झरोक्याखाली वाकले आणि ओकायला लागले.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. गोदावहिनी खाली येत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या औरंगपुऱ्यातून एकट्या चालत आल्या होत्या. दारोगा बाजूला सरला. त्या खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसल्या. हातानं दगड चाचपला. चारी झरोक्यांतून ऊन आत आलं होतं, पिंपांवर, ओल्या जमिनीवर, सगळीकडं. वहिनींनी एकेक करून ते झरोके बघितले.

"आता उघडलेत व्हय," म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या ते सांगता येणार नाही. मग उठल्या आणि गेल्या.

पिंपं उपडी केली. सगळं पाणी मागच्या वावरात गेलं. तिथं किती तरी दिवस आंबूस वास राहिला. इब्राहिमभाईंनी तांब्याचा हंडा परत नेला, दुकानात उलटा घालून ठेवला. गिऱ्हाईक आलं तरी विकला नाही. भावाशी त्यांचा समेट झाला, पण त्या समेटात त्यांना काही राम वाटला नाही असं ते मला एकदा म्हणाले.

वामनराव शाळेत येत राहिले. कामाला जाणं सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. वस्तू हुंगायची सवय गेली. खडू घ्यायचे आणि थेट लिहायला लागायचे. पुढच्या हिवाळ्यात तो वायूचा धडा आला. त्यांच्या वर्गाच्या भिंतीपलीकडंच मी मुलांना मराठी वाचायला लावलं होतं. पलीकडं फार शांतता झाली म्हणून मी दारातून डोकावलो. टेबलावर बरणी होती. वामनराव हातात काडेपेटी घेऊन उभे होते. पोरं त्यांच्याकडं बघत होती. मोठी पोरं होती, त्यांना सगळं माहीत होतं, एकही हलत नव्हतं. वामनरावांनी काडी ओढली, ती बोटापर्यंत जळत आली, त्यांनी टाकली. दुसरी ओढली. मग काडेपेटी टेबलावर ठेवली आणि उर्दूत म्हणाले, "किताब में पढ लो." वर्गाबाहेर आले, माझ्या शेजारून गेले, फाटकातून बाहेर पडले. परत आले नाहीत. राजीनामा त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतला. कारण काय घालू विचारलं, तर म्हणाले, "काय बी घाला."

ते सोयगावला गेले, वडिलांच्या दुकानावर. गल्लीत बायकांची चर्चा चालायची, गोदावहिनी कशाला गेल्या त्यांच्याबरोबर? माहेरी कुणी उरलं नव्हतं हे खरं. पण एक बाई माझ्या बायकोपाशी म्हणाली की तिला आता सुखच नको झालंय, म्हणून गेली. मला काही कळत नव्हतं. बैलगाडीत सामान चढवताना वहिनींनी सदाशिवची ट्रंक स्वतः उचलून आपल्या पायाशी ठेवली. वामनराव हात लावायला पुढं झाले होते. त्यांच्याकडं न बघता त्यांनी ती ओढून घेतली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मध्ये रझाकारांची धामधूम झाली, फौज आली, निजामाचं राज्य गेलं, शाळेत मराठी आली. मी परीक्षेच्या कामासाठी सोयगावला गेलो आणि त्यांच्याकडं उतरलो. दुकान तसं चाललं होतं. वामनराव पार वाळले होते, केस सगळे पांढरे. माझ्याशी ते पावसाबद्दल बोलले, ज्वारीच्या भावाबद्दल बोलले. शाळेचं काही विचारलं नाही. वहिनी माझ्याशी मोकळेपणानं बोलत होत्या, माझ्या मुलांची नावं त्यांना सगळी पाठ होती. जेवायला वाढलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भावजी, सांगा त्यांना, आमटी घ्या म्हणावं." वामनराव शेजारच्या पाटावर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी वाटी पुढं केली, वहिनींनी वाढलं. दोघंही सरावलेले होते. अवघडलो तो मीच.

थंडी कडाक्याची होती, पण वामनराव घरात झोपत नसत. दार लावलेल्या खोलीत त्यांना झोप लागत नाही, शेजारचा मुलगा मला म्हणाला, पावसातसुद्धा ओसरीवरच असतात. मी आतल्या खोलीत झोपलो.

सकाळची मोटार लवकर सुटायची. तांबडं फुटायच्या वेळेला मी पिशवी घेऊन बाहेर यायला निघालो आणि उंबऱ्याशी थबकलो. वामनराव बाजेवर उताणे झोपले होते, तोंड थोडं उघडं, घोंगडी पायाशी गोळा झालेली. गोदावहिनी त्यांच्या उशाशी उभ्या होत्या. हातात पाण्याची कळशी होती, ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. त्या वाकून त्यांच्या छातीकडं बघत होत्या. छाती हलत नव्हती, किंवा इतकी हळू हलत होती की त्या उजेडात मला दिसली नाही. वहिनी तशाच वाकून राहिल्या, स्वतःचाही श्वास धरून. मग सदऱ्याची घडी किंचित वर आली आणि खाली गेली. वहिनींनी मोकळ्या हातानं घोंगडी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली, कळशी कमरेवर घेतली आणि माझ्या बाजूनं आत निघून गेल्या.